रात्री दोनचं रीडिंग

मार्गशीर्षातला गुरुवार होता. घरात घट मांडलेला, हिची पोथी चाललेली, उदबत्तीचा धूर थेट बैठकीत येत होता आणि मी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसलो होतो. आमच्या स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याचे मामा येणार, हे आठवडाभर आधी ठरलेलं. मी विसरलो होतो. ते आले. पांढरा शर्ट, वरच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत नाडीची फाईल. फाईलवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'कृष्णविवर व कृमिविवर : एक विचार'. कृमिविवर म्हणजे वर्महोल, अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारं कल्पनेतलं भुयार. हा शब्द काही बरा नाही, त्यानं मला लहानपणी पाजलेलं जंताचं औषध आठवतं. मी पाच-सात मिनिटं पानं चाळली. इंटिग्रलच्या खुणा, शिसपेन्सिलीतल्या सुबक आकृत्या, समासात आकडेमोड. स्वयंपाकघरातून "आरतीला या" अशी हाक आली. मी फाईल मिटली आणि म्हणालो, "छान आहे मामा. चालू ठेवा."

ते उठले. दारात चपलेचा अंगठा नीट करता करता, मान वर न करता म्हणाले, "चूक सांगा म्हणायलो सर. शाबासकीला घरी बायको आहे."

रागानं नाही बोलले. वाण्याकडे चुकीचं माप पडल्यावर आपण जसं सांगतो, तसं बोलले. जाताना फाईल माझ्या टीपॉयवरच ठेवली, "झेरॉक्स आहे, राहू द्या" म्हणून. ती मग टीपॉयवरून फ्रिजवर गेली आणि फ्रिजवरून पाहुण्यांच्या चादरी ठेवायच्या कपाटात.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात अशा फायली येतातच. बिनइंधनाची मोटर शोधलेला एक येतो, आइनस्टाइन कुठे घसरला ते सांगणारा एक येतो, वेदांत क्वांटम सापडलेले तर वर्षाला दोन-तीन. त्यांच्यासाठी आमचा एक ठरलेला आवाज असतो. लहान पोरानं हत्तीचं चित्र आणून दाखवलं की जो लागतो, तोच. 'छान आहे' हे आपण दार लोटून घेताना म्हणतो, कडीचा आवाज होऊ नये म्हणून. बहुतेक जण त्यावर खूश होऊन जातात, हेही खरं. या माणसानं मात्र कडी ऐकली होती.

मामांची हकीकत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. वसमत तालुक्यातलं गाव. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना १९७२चा दुष्काळ पडला; कॉलेज सुटलं आणि हातात खडी फोडायचा हातोडा आला. सुकडी आणि मिलोच्या भाकरी खाल्लेली ती पिढी. पुढे वीज मंडळात चिकटले, ३३ केव्ही सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून, आणि तिथूनच निवृत्त झाले. ऑपरेटरचं काम म्हणजे दर तासाला उठायचं, पॅनलपुढं उभं राहायचं, व्होल्टेज किती, अँपियर किती, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान किती ते लॉगशीटवर लिहायचं, शेवटच्या रकान्यात शेरा. रात्रीचा एक, दोन, तीन. मधल्या वेळात शेतकऱ्यांचे फोन, "लाईन कवा येणार?" काही ऑपरेटर अकराला झोपतात आणि सकाळी उठून सगळ्या तासांना एकच आकडा भरून टाकतात, साहेबही कधी बघत नाही. मामा भाच्याला अभिमानानं सांगायचे की तीस वर्षांत एक रीडिंग न बघता भरलं नाही. फाईल कपाटातून काढल्यावर मला दिसलं, ती सगळी पानं जुन्या लॉगशीटची पाठकोरी होती. झेरॉक्समध्ये मागच्या बाजूचे रकाने फिकट, उलटे उमटलेले. कृष्णविवराच्या क्षितिजाच्या आरपार कुठल्या तरी जुन्या रात्रीचा दाब दिसत होता.

२०१६ साल या माणसाच्या आयुष्यात पहाटेसारखं उगवलं असणार. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या लिगो या वेधशाळेनं गुरुत्वीय लहर पकडल्याची बातमी जाहीर झाली. दोन कृष्णविवरं, एक सूर्याच्या ३६ पट, दुसरं २९ पट, एकमेकांभोवती गरगरत एक झाली आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहर होऊन निघालं. १३० कोटी वर्षं प्रवास करून ते इथं पोचलं, तेव्हा वेधशाळेचा चार किलोमीटरचा बाहू प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाएवढा हलला. त्याच महिन्यात केंद्रानं भारतातल्या लिगोला तत्त्वतः होकार दिला. आणि जागा कुठली, तर औंढा नागनाथ! मामांच्या घरापासून मोटारसायकलनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतक्यावर. आसपासचे लोक जमिनीच्या भावाचं बोलू लागले, मामा जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून टेन्सरच्या गणिताची पुस्तकं शोधू लागले. भाच्यानं त्यांना मोबाईलवर त्या लहरीचा आवाज ऐकवला होता. पंचमांश सेकंदाचा, पाण्यात थेंब पडल्यासारखा, खालून वर चढत जाणारा. मामांनी तो वीसेक वेळा लावला आणि म्हणाले, "हे आपल्या ट्रान्सफॉर्मरच्या सुरावरून वर चाललं की." मी नंतर पडताळून पाहिलं. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण सेकंदाला १०० कंपनांची असते, आणि ती लहर ३५ पासून २५०पर्यंत चढली होती. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं.

मला खरं तर या विषयाचं वेड लहानपणी लागलं आणि तेही कृष्णविवरामुळे नाही, भुयारामुळे. आमच्या गावच्या गढीत एक भुयार होतं. ते थेट देवगिरीला निघतं असं म्हणत. शेजारच्या गावच्या गढीतलं भुयारही देवगिरीलाच निघायचं. मराठवाड्यातली सगळी भुयारं देवगिरीला किंवा औंढ्याला निघतात, मधल्या कुठल्या आडगावाला एकही निघत नाही. पुरावा म्हणून शेळी असायची. कुणाच्या तरी आज्यानं आत शेळी सोडली आणि ती तिसऱ्या दिवशी तिकडे निघाली, अंगाला ओल घेऊन. शेळी नसेल तर लिंबू असायचं, इथल्या बारवेत टाकलेलं तिथल्या बारवेत तरंगणारं. एकदा मी आणि चुलतभाऊ कंदील घेऊन उतरलो. आत वटवाघळांच्या शीचा झणझणीत वास, भिंतींना हात लावला की पांढरी माती हाताला यायची, आणि बारा-पंधरा पावलांवर छत कोसळून वाट संपलेली. वर आल्यावर आम्ही पोरांना काय सांगितलं असेल? खूप लांबपर्यंत गेलो म्हणून सांगितलं. भावानं तर तिकडचा वारा लागला असंही ठोकून दिलं. या भुयारांचं एक वैशिष्ट्य मला फार पुढे लक्षात आलं. शेळी जाताना बघणारा आणि शेळी निघताना बघणारा माणूस कधीच एक नसायचा. ते दोघं एकमेकांना भेटलेलेही नसायचे.

वर्महोल हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तीच शेळी दिसली होती. एम.एस्सी. झाल्यावर मी तेव्हाच्या औरंगाबादला पीएच.डी.साठी नावही नोंदवलं होतं, विषय याच्याच आसपासचा. मग नोकरी लागली, लग्न झालं, आणि ते बारा-पंधरा पावलांवर कोसळलं. कुणाचा दोष नाही. पण फेब्रुवारीत, प्रॅक्टिकल परीक्षा उरकल्यावर, चादरी काढताना ती फाईल हाताला लागली आणि मी ती उघडली ती काही मामांच्या दयेपोटी नव्हे. एका सबस्टेशनच्या ऑपरेटरनं जे सोडलं नाही ते मी सोडलं, हे मला डाचत होतं, आणि चूक सापडावी अशी माझी मनापासून इच्छा होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं.

तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दोन माझं गंजलेलं गणित घासण्यातच गेल्या.

मामांनी काय केलं होतं ते सांगतो. आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांना श्वार्झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञानं काढलेलं उत्तर घेतलं. पहिल्या महायुद्धात रशियन आघाडीवर तोफखान्यात असताना १९१५च्या डिसेंबरात त्यानं ते काढून आइनस्टाइनला पत्रानं कळवलं, आणि पुढच्या मे महिन्यात आघाडीवरच जडलेल्या दुखण्यानं तो गेला. त्या उत्तराचा, घड्याळ एका क्षणी थांबवून, एक काप घेतला तर तो नरसाळ्यासारखा दिसतो. दुसरं नरसाळं उलटं धरून पहिल्याला जोडलं की मध्ये गळा तयार होतो. आइनस्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ साली दाखवलेला पूल तो हाच. सूर्याएवढ्या वस्तुमानाला या गळ्याची त्रिज्या ३ किलोमीटर भरते. पृथ्वीएवढ्याला ९ मिलिमीटर, म्हणजे गोटी जाईल एवढं भोक. मामांनी या आकृतीला 'डमरू' म्हटलं होतं, आणि मला ते कृमिविवरापेक्षा कितीतरी आवडलं. इथपर्यंत आकडेमोडीसकट सगळं चोख. मग पान ४१ वर त्यांनी डमरूच्या गळ्यातून एक माणूस पलीकडे पाठवला, त्याला लागणारा वेळ काढला, आणि तो माणूस पोचेपर्यंत गळा जागच्या जागी तसाच थांबला.

गळा थांबत नाही. क्षितिज म्हणजे कृष्णविवराची अशी हद्द, जी ओलांडली की परत फिरता येत नाही. तिच्या आत गेलं की अंतर आणि काळ आपापल्या जागा बदलतात. आपण ज्याला आतली जागा समजतो, ती जागा नसून पुढे येणारी वेळ असते. गळा उघडतो, रुंदावतो आणि मिटतो, इतक्या झपाट्यानं की प्रकाशाचा किरणसुद्धा आरपार जात नाही. हे फुलर आणि व्हीलर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६२ साली मांडलं. आइनस्टाइनच्या लेखानंतर २७ वर्षांनी. म्हणजे मामा ज्या ठिकाणी अडखळले, तिथून पुढचं पाऊल पडायला जगातल्या भल्याभल्यांनाही पाव शतक लागलं होतं. चूक सापडली तेव्हा मी टेबलावर थाप मारली, हिनं आतून विचारलं "काय झालं?" आणि अर्ध्या मिनिटात माझा आनंद ओसरला. इतक्या उमद्या जागी चुकलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता. माझे विद्यार्थी उणे चिन्ह विसरून चुकतात.

मग प्रश्न असा की सांगावं का? निवृत्तीनंतरची आठ-नऊ वर्षं त्या फाईलवर गेलेली. ही म्हणाली, "त्यांनी चूकच मागितलीय ना, मग द्या की. साखर मागायला आलेल्या बाईला आपण पीठ देतो का?"

मार्चमधल्या रविवारी निघालो. परभणीहून वसमतकडे जाताना त्या दिवसांत वाऱ्यालाच हळदीचा वास असतो. शेताशेतांत कुकर लावून हळद शिजवणं चाललेलं, वाफेचे पांढरे लोट, वाळत घातलेल्या कांड्यांचे मैलभर पिवळे पट्टे, बायांचे हात कोपरापर्यंत पिवळे. मला थेट मामांकडे जायचा धीर होईना, म्हणून आधी औंढ्याला गेलो. नागनाथाच्या गाभाऱ्यात खाली उतरावं लागतं. वाट अरुंद, छत इतकं बुटकं की ताठ उभं राहून दर्शन घेता येत नाही. ओला बेल, तेल आणि माणसांच्या घामाचा कोंदट वास. वाकून खाली बसल्यावर मला नामदेवांची गोष्ट आठवली. तिकडे तेरला गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन सगळ्या संतांच्या डोक्यांवर मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. साक्षात विठ्ठल ज्यांच्या हातचं जेवत होता, त्यांना! नामदेव रुसले, आणि शेवटी गुरू शोधत इथं आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण आपण कीर्तनात ऐकताना नामदेवांच्या अपमानावरच रेंगाळतो. थापटणं मारणारं कुणी भेटलं हे त्यांचं भाग्य होतं, असं मला त्या कोंदट काळोखात पहिल्यांदा वाटलं. विठ्ठलानं तर कधी सांगितलं नसतं.

बाहेर येऊन चहा घेताना मी मनात माणसं मोजत होतो. गणितज्ञ प्र. चु. वैद्य नोकरीचा आधार नसताना बनारसला सापेक्षतेचे अभ्यासक वि. वा. नारळीकरांकडे जाऊन राहिले, आणि त्यातून प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याचं ते समीकरण १९४३ साली निघालं, जे आज जगभर त्यांच्या नावानं ओळखतात. आघाडीवरच्या श्वार्झशिल्डला पत्र लिहायला आइनस्टाइन होता. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी कादंबरीतल्या नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे कसं पाठवावं असं भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना विचारलं, त्यातून १९८८चा मॉरिस-थॉर्नचा लेख आला. गळा उघडा धरायचा तर ऋण ऊर्जा असलेलं काहीतरी आत कोंबावं लागेल, हा हिशेब तिथला. म्हणजे कल्पनेच्या भराऱ्यांना या शास्त्रात कुणी हसत नाही. आणि याच्या उलट टोकाचे आपले जयंत नारळीकर. केंब्रिजहून नाव कमावून आलेले, पण मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला विज्ञानकथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, आद्याक्षरं उलटी करून. नावाला बघून कुणी 'छान आहे' म्हणू नये म्हणून. त्या कथेचा विषयही कृष्णविवरच. त्यांना आपलं नाव लपवावं लागलं. मामांना नावच नव्हतं, तरी मी 'छान आहे' म्हणालोच.

मामांचं घर गावाच्या टोकाला, पत्र्याचं, पुढं लिंबाचं झाड. या भागात जमिनीतून आवाज येतात. पांगरा शिंदे या गावाचं नाव त्यापायी पेपरात येत असतं. मामी म्हणाल्या, "गुडुम झालं की मांडणीवरचे डबे वाजतेत, आन् हे आधी घड्याळ बघतेत, मग बाहीर पळतेत." २०२४च्या जुलैत ४.५ रिश्टरचा धक्का बसला तेव्हाची नोंद त्यांनी मला दाखवली. सकाळी ७ वाजून १४ मिनिटं. शेऱ्याच्या रकान्यात 'पत्रे वाजले. शेळी ओरडली.' मी शेळीपाशी जरा थबकलो.

फाईल उघडली. पान ४१. मी खूप तयारी करून गेलो होतो, काळ आणि अंतर कसे जागा बदलतात ते सांगायला वहीत आकृत्याही काढल्या होत्या. पण समोर ते फिकट उलटे रकाने दिसले आणि तोंडून भलतंच निघालं.

"मामा, तुमचं डमरू बरोबर आहे. पण ते रात्री दोनचं रीडिंग आहे. तीनचं तुम्ही घेतलंच नाही."

त्यांनी चष्मा काढला. पंखा कटकट करत होता. बाहेर मामी कशाला तरी "हाड हाड" करत होत्या. बराच वेळ ते त्या पानाकडे बघत राहिले, आणि मला परत वाटलं की आपण हे करायला नको होतं.

"म्हंजे तीन वाजता गळा आहे का न्हाई, ते बघायचंच राहिलं."

"हो."

"न बघता भरलं मी," ते म्हणाले. मग एकदम मान वर करून, "बंद व्हायला किती येळ लागतो?"

सूर्याएवढ्याला सेकंदाच्या तीस-एकतीस दशलक्षांश भागांत सगळं आटोपतं, उघडण्यापासून मिटण्यापर्यंत, मी सांगितलं. वस्तुमान वाढेल तसा वेळ त्याच पटीत वाढतो. त्यांनी निळं पेन काढलं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर, ४० लाख सूर्य. गुणाकार केला. दोन मिनिटं. मग २०१९ साली ज्याचा फोटो पेपरात आला होता ते एम-८७ दीर्घिकेतलं, ६५० कोटी सूर्य. हा गुणाकार त्यांनी दोनदा केला, शून्यं बोटानं मोजली. सव्वादोन दिवसांच्या वर आलं.

"सव्वादोन दिवस लाईन चालू राहती की सर!" त्यांचे डोळे असे चमकले की मला पुढचं बोलवेना. पण बोललो. गळा जितका मोठा, तितकी आतली वाटही लांब. सव्वादोन दिवसांतही प्रकाश पलीकडं पोचत नाही, हिशेब तोच राहतो.

"तोच राहतो," ते म्हणाले आणि हसले. मग त्यांनी लाल पेन काढलं, पान ४१च्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारली, 'चूक सापडली' असं लिहून तारीख टाकली आणि फाईल माझ्याकडे सरकवली. "सही करा. बघणाऱ्याची सही लागती."

मी सही केली. ऋण ऊर्जेचं त्यांना सांगायचं होतं, १९८८चा लेखही छापून नेला होता पिशवीत. पण तोवर आतून मामी पदराला हात पुसत दारात आल्या.

"सापडली का?"

"सापडली."

"मग जेवा की आता तरी."